शेवटच्या खुर्चीपर्यंत

माझ्या भावोजींचा स्वतःचा आवाज फारसा कुणी ऐकलेला नाही. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे आवाज मोठे केले. लग्न, शाळेचं बक्षीस वितरण, निवडणुकीची सभा, शोकसभा, जिथे माइक लागेल तिथे त्यांना बोलावणं यायचं. स्वतः मात्र असं पुटपुटायचे की समोरच्याने 'आं?' म्हटल्याशिवाय संभाषण पुढे सरकत नसे. ताईशी लग्न करायचंय हे सांगायला ते आमच्या घरी आले, तेव्हा आमच्या वडिलांनी दोनदा विचारूनही त्यांचं उत्तर कळलं नाही. शेवटी वडीलच म्हणाले, "मान हलवलीय, म्हणजे हो धरू या."

त्यांच्या घरी गेलं की बसायला खुर्ची मिळेलच असं नाही, पण स्पीकरची खोकी मिळत. पुढच्या खोलीत भिंतीला लागून ती काळी खोकी एकावर एक रचलेली असायची आणि त्यांवर ताईने झाडांच्या कुंड्या मांडल्या होत्या. कोपऱ्यात वायरींच्या गुंडाळ्या. वायर गुंडाळण्यावरून मात्र हा मवाळ माणूस कुणावरही डाफरायचा. कोपराभोवती गुंडाळायची नाही, हातात वेटोळी घ्यायची, एक सुलट, एक उलट. कोपराभोवती गुंडाळली की आतून पीळ बसतो, वरून दिसत नाही आणि एक दिवस भर सभेत वायर दगा देते, असं ते म्हणत. एवढं एकच लांबलचक वाक्य मी त्यांच्या तोंडून लग्नाच्या पहिल्या वर्षात ऐकलं असेन.

त्यांची कामाची पद्धत साऱ्या धंद्यात प्रसिद्ध होती. बाकीचे लोक आवाजाची सरकती बटणं असलेल्या मिक्सरपाशी बसून, कानाला हेडफोन लावून 'हॅलो, चेक' करतात आणि मोकळे होतात. भावोजींचं तसं नव्हतं. सभागृह मोकळं असताना सगळ्यात मागच्या रांगेतल्या सगळ्यात कडेच्या खुर्चीत ते ताईला बसवायचे. "पुढच्या रांगेतल्यांना काय, माइक नसला तरी ऐकू येतं," ते म्हणत, "शेवटच्या खुर्चीतल्या माणसाला वाटलं पाहिजे की बोलणारा आपल्या शेजारी बसलाय." ताई डोळे मिटून बसायची आणि हाताने खूण करायची. तळहात वर उचलला की आवाज वाढवा. खाली दाबला की कमी. आणि आवाज बरोबर बसला की ती हात छातीवर ठेवायची. मग भावोजी मिक्सरवरच्या चिकटपट्टीवर बारीक रेघ मारून बटणाची जागा पक्की करायचे. मी एकदा गमतीने म्हटलं होतं, "नवरा-बायको घरी तरी बोलता का, की तिथेही हातवारेच?" ताई हसली आणि तळहात खाली दाबून म्हणाली, "तू जरा कमी हो."

ताईला लहानपणापासून फिट यायच्या. आम्ही दोघी एका खोलीत झोपायचो, त्यामुळे मला फिटची पहिली चाहूल अजून डोळ्यांपुढे आहे. तिचा डावा अंगठा आपोआप हलू लागायचा, जणू काही कुणाला हळूच बोलावतेय. त्यानंतर बाकी सगळं. पुढे गोळ्या लागू पडल्या आणि लग्नानंतर तर तिला एकदाही फिट आली नाही. पण जे झालं नाही, त्याचं श्रेय गोळ्यांना कोण देणार? छप्पर गळत नाही म्हणून कुणी उठून छपराचे आभार मानत नाही.

एक गोष्ट मात्र झाली होती. तिचं पहिलं आणि शेवटचं मूल पोटातच गेलं. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी कागदावरची नजर वर न उचलता सांगितलं, "असं होतं कधीकधी." गोळ्यांमुळे झालं का, असं ताईने विचारलं, तर म्हणाले, "तसं सांगता येत नाही." म्हणजे हो की नाही? तेही सांगता येत नव्हतं. ताई रडली, घरी आली, कुंड्यांना पाणी घालू लागली. त्या 'कधीकधी'ला ती आतल्या आत किती वर्षं कुरतडत होती, ते आम्हाला कुणालाच दिसलं नाही. मला त्या डॉक्टरचा आजही राग येतो. खोटं बोलला नाही बिचारा, पण मान तरी वर करायची होती.

आणि मग काका आले.

त्यांना सगळे काकाच म्हणत. सख्ख्या काकांचा फोन न उचलणारे लोकही त्यांना काका म्हणायचे. पूर्वी ते टीव्हीवर सकाळचा आरोग्याचा कार्यक्रम सादर करत. तिथून त्यांना काढलं. का काढलं हे त्यांनी हजार सभांतून विचारलं आणि उत्तर एकदाही दिलं नाही. हीच त्यांची रीत होती. 'ते' लोक आपल्याला आजारी ठेवतात. 'त्यांना' आपण बरं झालेलं नकोय. गोळ्या, नळाचं पाणी, हवामानाचे अंदाज, सगळं 'त्यांचं'. हे 'ते' म्हणजे कोण, हे काका कधीच सांगत नसत, त्यामुळे ते कुणीही असू शकत. डॉक्टर असू शकत, शेजारी असू शकत. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते, तेव्हा माझा नंबर तर अगदी वरचाच.

पण खरं सांगायचं तर काकांचा आवाज फार वाईट होता. पातळ, नाकातून येणारा, वाक्य संपता संपता चिरकणारा. इथल्या त्यांच्या पहिल्या सभेचं माइकचं काम भावोजींना मिळालं, आणि तो आवाज ऐकून ते वैतागले. दुपारभर रिकाम्या सभागृहात त्यांनी त्या आवाजाशी झटापट केली. नाकातला भाग कापला, खालचा भरीव भाग वाढवला, कुजबुज आणि ओरडणं दोन्ही सारख्याच अंतरावरून यावं अशी सोय केली, आणि वर एवढासा घुमारा दिला, घरातल्या खोलीत असतो तेवढाच. काका स्टेजवरून वर्तमानपत्र वाचत होते आणि ताई शेवटच्या खुर्चीत डोळे मिटून बसली होती. तळहात वर. थोडा खाली. पुन्हा वर. मग तिने हात छातीवर ठेवला. भावोजींनी रेघ मारली.

त्या संध्याकाळी मीही गेले होते, फुकटची करमणूक म्हणून. आणि कबूल करते, तो आवाज ऐकून मीही खुर्चीत पुढे सरकून बसले. घरातलं मोठं माणूस उशाशी बसून बोलतंय असं वाटत होतं. काका कुणालाही 'माझ्यावर विश्वास ठेवा' म्हणाले नाहीत. ते फक्त विचारत होते. "तुम्हाला कुणी विचारलं होतं? तुम्हाला कुणी समजावून सांगितलं?" आणि थांबत होते. त्या थांबण्यात जो तो आपापल्या डॉक्टरच्या खोलीत जाऊन परत येत होता. शेवटी ते म्हणाले, "ज्यांचं काही हरवलंय, आणि का हरवलं ते कुणी सांगितलं नाही, त्यांनी हात वर करा."

शेवटच्या खुर्चीत ताईने हात वर केला.

भावोजींनी मिक्सरवरून पाहिलं. त्यांना वाटलं, मागे आवाज कमी पडतोय. त्यांनी मुकाट्याने तो वाढवला. काकांचा आवाज सभागृहभर दाटला आणि म्हणाला, "ताई, तुमचा दोष नव्हता." बायकांकडे बघून ते नेहमीच असं म्हणत असतील. पण माझ्या बहिणीला हे तोवर कुणी म्हटलं नव्हतं. नवऱ्याने नाही, मी नाही. आम्हाला वाटायचं, हे काय सांगायचं, ते तर उघडच आहे. ती रडू लागली आणि भावोजी मात्र समाधानाने मान डोलावत होते, की आता मागेपर्यंत पोचतंय.

पुढच्या काही महिन्यांत काकांच्या सभा वाढल्या आणि भावोजींशिवाय त्यांचं पान हलेना. ताई प्रत्येक सभेला. मग एक दिवस तिने दुकानात येणं बंद केलं. गोळ्या संपायच्या वेळी ती नेमकी यायची, गप्पा मारायची, म्हणून माझ्या लक्षात आलं. मी तिच्या घरी गेले.

"गोळ्या कुठून घेतेस हल्ली?"

"घेत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही घेत. ओरडू नकोस. इतक्या वर्षांत फिट आलीय का मला? मग कशासाठी घेत होते? कुणासाठी?"

"ताई, गोळ्या घेत होतीस म्हणून आली नाही!"

"हे तू म्हणणारच. तू काउंटरच्या त्या बाजूला असतेस."

मी लहानपणापासून तिच्याच बाजूला झोपले होते. ते सगळं एका वाक्यात पुसलं गेलं. मी चिडले, म्हटलं, "अगं, तो आवाज तरी खरा आहे का? तूच बसवलायस तो. त्या माणसाचा मूळ आवाज कसा आहे हे तुझ्याइतकं कुणाला माहितीय?"

ताई शांतपणे म्हणाली, "चष्मा पुसला म्हणून समोर दिसतं ते खोटं होतं का?"

मी चपला घालून निघाले.

भावोजी तिला समजावू शकत नव्हते. जन्मात त्यांनी कुणाला काही समजावलं नव्हतं. म्हणून त्यांनी काकांना गाठलं. काकांच्या कॉलरला माइक लावणं हे त्यांचंच काम. त्या दिवशी स्टेजमागच्या खोलीत काका रक्तदाबाची गोळी घेत होते आणि पाण्याचा ग्लास भावोजींच्या हातात होता. भावोजी म्हणाले, "काका, एक वाक्य बोला आज. चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका, एवढंच. माझी बायको तुमचं ऐकेल."

काका हसले. "मी कधी म्हटलं, सोडा म्हणून? मी तर फक्त प्रश्न विचारतो." त्यांनी भावोजींच्या खांद्यावर थोपटलं, रिकामा ग्लास परत दिला आणि स्टेजवर गेले. ते वाक्य त्यांनी काही उच्चारलं नाही.

भावोजींनी घरी येऊन ताईला सांगितलं की काका स्वतः गोळी घेतात, मी या डोळ्यांनी पाहिलं. ताई कळवळली. "म्हणजे त्यांनासुद्धा सोडलं नाही 'त्यांनी'," ती म्हणाली. कुठलीही गोष्ट आत टाका, तिथून काकांच्या बाजूनेच बाहेर पडायची.

त्यानंतर भावोजी माझ्या दुकानात आले. काउंटरवर वाकून, कुजबुजत त्यांनी विचारलं की या गोळ्या कुटून दिल्या तर चालतं का. मी म्हटलं, "तिला सांगून द्या. चोरून दिलंत आणि तिला कळलं, तर तुमच्या हातचं पाणीही पिणार नाही ती." त्यांनी मान हलवली. आमच्या वडिलांनी एकदा ती मान 'हो' धरली होती, मीही तेच केलं.

त्यांनी गोळी कॉफीतून द्यायला सुरुवात केली. रोज सकाळी कॉफी तेच करायचे, लग्नापासूनचा तो रिवाज होता. कडू कॉफीत थोडं कडू आणखी. पण ज्या बाईला सभागृहाच्या टोकाला बसून आवाजातला केसाएवढा फरक कळतो, तिला जिभेवरचा कळणार नाही? काही दिवसांतच तिने कपाच्या तळाशी बोट फिरवलं आणि बोटाला लागलेलं पांढरं बघत बसली. तिने आरडाओरडा केला नाही. कप धुतला, पालथा घातला. दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःचं स्वतः रांधू लागली आणि पाण्याची बाटली उशाशी ठेवून झोपू लागली. काका सांगत होते तेच तर झालं होतं. 'ते' आपल्या नकळत आपल्याला औषध चारतात. जगात इतरत्र ते खरं असो-नसो, तिच्या स्वयंपाकघरात ते अगदी खरं होतं, आणि ते करणारा माणूस तिच्यावर जीव टाकत होता.

तिने हे काकांना सांगितलं. काकांनी ते जपून ठेवलं, आणि भर सभेत काढलं. भावोजी मिक्सरपाशी बसले होते. काका म्हणाले, "आज एका बहिणीची गोष्ट सांगतो. नाव घेणार नाही. तिच्या घरातला माणूस रोज सकाळी तिला प्रेमाने कॉफी द्यायचा..."

प्रत्येक शब्द भावोजींच्याच हातून पुढे चालला होता. त्यांनीच भरीव केलेला, त्यांनीच मऊ केलेला आवाज त्यांचीच गोष्ट सांगत होता, आणि शेवटच्या खुर्चीत ताई मान खाली घालून बसली होती. ते मला नंतर म्हणाले, "मला आवाज बंद करायचा नव्हता. खरा करायचा होता." त्यांनी बंद केलाच नाही. सगळी बटणं त्यांनी एकेक करून मधोमध आणली, म्हणजे काकांना देवाने जो दिला तो आवाज राहिला. पातळ, नाकातला, चिरका. सभागृहात चुळबुळ झाली. कुणीतरी खुदकन हसलं सुद्धा. भावोजींना वाटलं, आता कळेल.

काका थांबले. माइकवर टिचकी मारली आणि त्या चिरक्या आवाजात अगदी शांतपणे म्हणाले, "बघितलंत? मी नावही घेतलं नव्हतं."

सगळं सभागृह मिक्सरकडे वळलं. मग मागून ताई चालत आली. टेबलापाशी येऊन म्हणाली, "उठा."

"अगं, ऐक तरी—"

"उठा म्हणते ना."

ते उठले. ताई त्यांच्या जागी बसली आणि बटणं एकेक करून त्या रेघांवर नेली. तिला सगळ्या रेघा पाठ होत्या. काका बोलू लागले आणि तो उशाशी बसलेला आवाज परत आला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. ताईने हात छातीवर ठेवला.

त्या दिवसापासून काकांचा आवाज ताई सांभाळू लागली. भावोजींना काकांच्या माणसांनी सभेला यायला बंदी केली असती, पण ताईच म्हणाली, "बसू द्या मागे. त्यांनाही ऐकू दे." म्हणून ते शेवटच्या खुर्चीत बसू लागले. काकांचं एक अक्षर ते ऐकत नव्हते. तिथून मिक्सरपाशी बसलेल्या ताईचे हात दिसायचे, म्हणून बसायचे. कॉफी बंद झाल्यापासून तिच्या पोटात एकही गोळी गेलेली नव्हती. मी तिच्या जुन्या डॉक्टरांना भेटून चिठ्ठी आणली आणि फिट आल्यावर नाकात मारायचा औषधाचा फवारा भावोजींना दिला. तो त्यांच्या शर्टाच्या खिशात असायचा. मधूनच ते खिसा चाचपायचे. दंडाला पट्टी बांधलेले काकांचे कार्यकर्ते त्यांच्याकडे बोट दाखवून एकमेकांशी बोलायचे. तोच तो, कॉफीवाला.

शेवटच्या सभेला मी त्यांच्या शेजारी बसले होते. भर दुपार होती, सभागृह तुडुंब भरलं होतं. ताईने स्वेटरच्या बाह्या वर केल्या होत्या. ती दमलेली दिसत होती, पण हात सराईत चालत होते. मला वाईट वाटलं आणि कौतुकही वाटलं, दोन्ही एकदम. तिला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी स्वतःचं मिळालं होतं. काका सांगत होते की 'ते' आता फार जवळ आलेत. "तुमच्या रांगेत आहेत," ते म्हणाले, आणि लोक शेजाऱ्याकडे चोरून बघू लागले.

भावोजी ताठ झाले. "अंगठा," ते म्हणाले.

मी पाहिलं. टेबलाच्या कडेवर ताईचा डावा अंगठा हलत होता. कुणाला तरी हळूच बोलावत होता.

ते धावले. त्याच क्षणी ताईचं अंग आखडलं, तिचा हात सगळी बटणं वर ढकलत फरफटत गेला आणि साऱ्या स्पीकरांमधून अशी कर्कश शिटी फुटली की लोकांनी कान दाबून डोकी गुडघ्यांत घातली. ताई खुर्चीवरून टेबलामागे कोसळली. ते कुणीच पाहिलं नाही. डोकी वर आली ती थेट काकांकडे वळली, आणि काका दोन्ही हात उंचावून, शिटीच्या वर आवाज काढून ओरडत होते, "आवाज दाबताहेत आपला! घाबरू नका! फक्त बघा, उठलंय कोण!"

उठलेला एकच माणूस होता.

त्यांना मधल्या वाटेतच धरलं. आधी दोघांनी, मग पाच-सहा जणांनी. ते ओरडत होते, "सोडा, फिट आलीय तिला, सोडा मला." मी त्यांच्या मागेच होते, मला ऐकू येत होतं. चार पावलांपलीकडे कुणालाही नाही. सगळ्यांचे आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचवणाऱ्या माणसाचा आवाज चार पावलं पोचत नव्हता. मी घशाच्या शिरा ताणून किंचाळले, माझाही पोचला नाही. एका बाईने माझे केस धरले होते. झटापटीत भावोजींच्या खिशातला फवारा पडला. दंडाला पट्टी बांधलेल्या एका माणसाने तो उचलून सगळ्यांना दिसेल असा उंच धरला. "हे बघा! हे घेऊन निघाला होता हा तिच्याकडे!" लोक नाकाला रुमाल लावून मागे सरले. कुणीतरी तो खाली आपटला आणि बुटाखाली चिरडला.

अखेर कुणाला तरी मेन स्विच बंद करायचं सुचलं. शिटी थांबली. त्या शांततेत भावोजींचं "सोडा" एकदम स्पष्ट ऐकू आलं आणि धरणाऱ्यांचे हात सैल पडले. आम्ही टेबलामागे गेलो. ताई पालथी पडली होती. तिचा चेहरा वायरींच्या गुंडाळीत रुतला होता. नीट, एक सुलट, एक उलट गुंडाळलेली गुंडाळी. तिला श्वास घेता आला नव्हता.

पोलिसांनी भावोजींना बसवून ठेवलं, चिरडलेला फवारा तपासायला पाठवला, आणि तो औषधाचाच निघाल्यावर सोडून दिलं. पण तपासणारे कुणाचे, हा प्रश्न काकांनी विचारलाच. आता त्यांच्या प्रत्येक सभेत ताईचा फोटो असतो. तिची गोष्ट ते शेवटी सांगतात. तिच्या कॉफीत पूड होती, हे खरं. तिचा माणूस हातात फवारा घेऊन तिच्याकडे धावत होता, हेही खरं. शेकडो लोकांनी ते आपल्या डोळ्यांनी पाहिलंय. मी दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांना उरलेली गोष्ट सांगू लागले, तर त्यांच्या चेहऱ्यावर एक मऊ, समजूतदार हसू येतं. मला त्या हसण्याची आता भीती वाटते. काहींनी आमच्या दुकानातून औषध घेणं सोडलं. काहींनी औषध घेणंच सोडलं असेल. ते कोण, हे मला कळायला मार्ग नाही.

परवा दुपारी भावोजींकडे गेले होते. खोक्यांवरच्या कुंड्या सुकल्या होत्या. सामान विकायला काढलंय त्यांनी. जमिनीवर बसून ते वायरी गुंडाळत होते, कोपराभोवती, भराभर. शेजारच्या घरात कुणीतरी काकांच्या सभेचं रेकॉर्डिंग लावलं होतं आणि भिंतीपलीकडून तो उशाशी बसलेला आवाज येत होता. ताईची गोष्ट चालली होती. कॉफीपर्यंत आली होती.

मी उठून खिडकी लावली. तरी आवाज येतच होता.

भावोजींचे हात थांबले. डोळे मिटून, मान किंचित तिरपी करून ते ऐकत राहिले. मला वाटलं, रडतील. मग ते पुटपुटले आणि मला 'आं?' म्हणावं लागलं.

"खालचा भाग जरा जास्त झालाय," ते म्हणाले. "ती असती तर तळहात दाबला असता तिने."